पीएस-टूचे सेव्ह पेनड्राइव्हवर घेताना

भाऊ, पीएस-टू म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन २ गेम कन्सोल. त्याचे सेव्ह, म्हणजे गेममधली जपलेली प्रगती, पेनड्राइव्हवर घ्यायचे तर आधी स्वस्तातलं ६४ किंवा १२८ एमबीचं मेमरी कार्ड घेऊ नको. सोनीचं मूळ कार्ड ८ एमबीचंच असते. लोकल मोठ्या कार्डांतले सेव्ह कधी उडतील, नेम नाही.

त्यापेक्षा फ्री मॅकबूट (कन्सोलवर बाहेरचे प्रोग्राम चालवू देणारं सॉफ्टवेअर) टाकलेलं कार्ड मागव. पण मागवण्याआधी कन्सोल उलटा करून मॉडेल नंबर पाहा. ९०००० मालिकेतल्या शेवटच्या कन्सोलवर, म्हणजे २.३० बायॉसवाल्यांवर (बायॉस म्हणजे कन्सोलच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर), ते चालतच नाही. मग पैसे गेले पाण्यात.

चाललं तर युलॉन्चएल्फ, म्हणजे फाइली पाहायचा-कॉपी करायचा प्रोग्राम, उघड. कार्ड एमसी-झिरो किंवा एमसी-वन, पेनड्राइव्ह मास नावाने दिसेल. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा. सेव्हचं फोल्डर कॉपी कर, पण साधं पेस्ट नको, पीएसयू-पेस्ट वापर. अख्खा सेव्ह एकाच फाइलीत जाते, तारीख-बिरीखही शाबूत राहते. यूएसबी जुन्या १.१ ची आहे, हळूच चालते. घाई करून पेनड्राइव्ह उपटू नको.

आपल्याकडे लाइन कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून हे काम इन्व्हर्टरवरच कर, राजा. कार्डावर लिहिणं सुरू असताना वीज गेली तर सेव्ह खराब होऊ शकते.

पीएस-वनचे, म्हणजे पहिल्या प्लेस्टेशनचे, गेम खेळतोस काय? त्यांना १५ ब्लॉकचं त्यांचंच कार्ड लागते. पीएस-टूच्या कार्डावर ते सेव्ह फक्त जपून ठेवता येतात.