दोन थेंबांमधली पाच मिनिटं

लातूरला समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे आई-बाप एक प्रश्न हमखास विचारतात. "पोरगं आशाच सोडून बसलंय. देवाधर्माचं नाव काढू देत नाही, कुणाच्या कामाला हात लावत नाही. ह्याला वळण कसं लावायचं?" नीटचा निकाल लागला की हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांची रांगच लागते. त्यातल्याच एका घराची ही हकीकत. घरच्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा १९ वर्षांचा, औसा तालुक्यातला. दोन वर्षं लातुरात खोली करून राहिलेला, दुसऱ्यांदा परीक्षा दिलेला. ७२० पैकी किती पडले हे त्यानं तिसऱ्या भेटीपर्यंत सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. निकालानंतर गावी गेला तो माडीवरच्या खोलीत जाऊन बसला. आई सांगत होती, "रातभर मोबाईल, दिवसभर झोप. जेवंना, बोलंना. हाक मारली की अंगावर येतोय." वडिलांचं दुःख निराळंच. "आमच्या घरात माळ आहे मॅडम. आबांची वारी कधी चुकली नाही. आन् हा म्हणतोय, देव-बिव काही नसतंय. तुम्ही ह्याला जरा अध्यात्माकडं वळवा."

मी कुणाला वळवत नाही, हे त्यांना सांगितलं. ते त्यांना फारसं रुचलं नाही.

अध्यात्म, सेवा हे सगळं नंतरचं. असा मुलगा समोर बसला की मी आधी एक प्रश्न विचारते आणि तो आडून विचारत नाही: "मरून जावं असं वाटतं का?" पालकांना भीती असते की विचारल्यानं पोराच्या डोक्यात नको ते शिरेल. तसं होत नाही. बहुतेकांना उलट हायसं वाटतं, कुणीतरी विचारलं म्हणून. तो म्हणाला, "कधी कधी रात्री वाटतं. ठरवलेलं काही नाही."

एवढं पुरेसं होतं. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या नावानं चिठ्ठी दिली. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्यालाच त्याच्या मोबाईलमध्ये टाकायला लावला. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. मग वडिलांना बाहेर बोलावून सांगितलं, फवारणीची औषधं राहत्या घरातून हलवा, कुलपात ठेवा, किल्ली तुमच्या कमरेला. सोयाबीनच्या दिवसांत आपल्याकडं ते डबे पलंगाखाली, कोनाड्यात कुठंही पडलेले असतात. वडील एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "आजच हलवतो."

डॉक्टरांनी नैराश्याचं निदान करून गोळ्या सुरू केल्या. हे मुद्दाम लिहिते आहे. पुढचं वाचून कुणी गोळ्या बंद करून पोराला सप्ताहात उभं करू नये.

आता नवसाचं. वडिलांनी तुळजाभवानीला बोललेलं होतं की पोराला सीट मिळाली तर कोजागरीला गावातून पायी येईन. आमच्या भागातून त्या पौर्णिमेला तुळजापूरकडं चालत निघालेल्या माणसांनी रस्ते भरून जातात, त्यामुळं नवसात नवल काही नव्हतं. पण मुलानं दुसऱ्या भेटीत त्याचं गणित मांडून दाखवलं. "सीट मिळाली नाही म्हणजे देवीनं ऐकलं नाही. नाहीतर तिनं ऐकलं, पण मीच त्या लायकीचा नाही. दोन्हीतलं एक धरावंच लागतंय ना मॅडम? मग देवी नाही, हेच बरं."

'देव-बिव काही नसतंय' याचा उगम तिथं होता. घरच्यांनी देवाला पोराच्या मार्कलिस्टला बांधून टाकलं होतं. मार्कलिस्ट बुडाली, तिच्याबरोबर देवही बुडाला.

सी. आर. स्नायडर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आशेची सोपी फोड केली आहे आणि ती मला रोज उपयोगी पडते. माणसाला जायचं एक ठिकाण हवं, तिथं पोचायच्या एकाहून जास्त वाटा दिसायला हव्यात, आणि आपण चालू शकतो असं वाटायला हवं. या पोराकडं ठिकाण एकच, वाट एकच, तीही दोनदा बंद झालेली. 'पॉझिटिव्ह विचार कर' हे त्याला गावातल्या सगळ्यांनी सांगून झालं होतं. चालता येतं हा विश्वास सांगून येत नाही. हातून काहीतरी पार पडलं आणि ते डोळ्यांना दिसलं की तो थोडा थोडा येतो.

म्हणून मी त्याला सेवेचं काम सुचवलं, आणि तिथं चुकले. ओळखीच्या एका मंडळाचं वृक्षारोपण होतं, तिकडं पाठवलं. परत आल्यावर पहिल्यांदाच हसला. म्हणाला, "खड्डा मागच्या वर्षीचाच होता मॅडम. त्यातलं वाळकं रोप उपटलं, नवं लावलं, फोटो काढला." मी काय बोलणार? आपण आलो नसतो तरी काही अडलं नसतं, हे पोरांना लगेच कळतं. अशा कामातून ती आणखी कडवट होऊन परततात.

मग प्रश्न बदलला. "घरात तुझ्यावाचून कुणाचं अडतं?" बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला. "कुणाचंच नाही." निघायला उठला आणि दारात थांबून म्हणाला, "आबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. थेंब घालायला आईला सारखं रानातून यावं लागतंय."

थेंब दोन प्रकारचे, दिवसातून अनेक वेळा, कित्येक आठवडे. एक घातला की दुसरा लगेच घालायचा नसतो, नाहीतर पहिला वाहून जातो. मध्ये पाचेक मिनिटं थांबायचं. दवाखान्यातून हे सांगितलं होतं, पण घाईच्या घरात कोण थांबतंय? पोरगं बायॉलॉजीचं. त्यानं मोबाईलवर गजर लावले. हात साबणानं धुवायचे, बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही, सगळं काटेकोर. पहिला थेंब सकाळी सातला, म्हणजे सातला उठणं आलं. झोपेबद्दल मी एक शब्द न बोलता झोपेची घडी बसायला लागली. हे मी ठरवून केलं असं सांगायला मला आवडलं असतं.

खरी करामत त्या पाच मिनिटांची. डोळे मिटून बसलेला म्हातारा आणि शेजारी बाटली धरून बसलेला नातू, बोलल्याशिवाय करतील काय? आबांनी किल्लारीचं सांगितलं. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे गणपती बुडवून लोक झोपलेले, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. आबांचं गाव वाचलं. उजाडल्यावर गावातली माणसं टिकाव-फावडी घेऊन निघाली, त्यांत आबाही होते. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचा भार. ते सगळं झोपल्या माणसांवर बसलेलं. चार दिवस ढिगारे उपसले.

"तेव्हा देव आठवला का?" नातवानं विचारलं.

"सवड कुठं होती? पाचव्या दिशी घरी येऊन हरिपाठ म्हणाया बसलो, तर शब्द फुटंना. काढली माळ आन् ठिवली खुंटीला. वरीसभर हात लावला नाही."

ही गोष्ट मुलाच्या वडिलांनाही ठाऊक नव्हती. दुसऱ्या दिवशी सातच्या थेंबाला नातवानं पुढचं विचारलं: मग परत कधी घातली? आबा म्हणाले, तिकडची माणसं पत्र्याच्या शेडात राहून सप्ताह करायलीत असं कळलं. घरात दिवा लावायला माणूस उरलं नाही, आन् हे सप्ताह कशाचा करायलेत, म्हणून बघाया गेलो. "वीणा धराया माणसं कमी होती. धरली."

हे मला मुलानंच सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलला.

श्रावणात त्यांच्या गावचा सप्ताह लागला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकवत नाहीत. रात्रंदिवस पहारे लावलेले असतात, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. आबांचा पहारा रात्री दोन ते चारचा. सुनेनं अडवलं, डोळ्याचं ताजं ऑपरेशन आहे म्हणून. आबा नातवाला म्हणाले, "तू जागाच असतोस. तू जा." झोप सुधारली होती, तरी तीनला डोळे उघडायचेच.

"माझा विश्वास नाही आबा."

"वीणेला काय कळतंय? तू हुबा ऱ्हा."

गळ्यात माळ नाही म्हणून भजनी मंडळातल्या एकानं कुरकुर केली. पण रात्री दोनला दुसरं येणार कोण, या मुद्द्यावर ती विरली.

मुलगा सातही रात्री उभा राहिला. त्याला त्यात काय मिळालं हे मी खोदून विचारलं नाही. त्यानं आपणहून एवढंच सांगितलं: "चारला काकड्याची मंडळी येतात. वीणा घेताना एकमेकांच्या पाया पडायची पद्धत आहे. साठीतला माणूस माझ्या पाया पडला मॅडम. त्याला माझे मार्क माहीत होते."

याला अध्यात्म म्हणायचं का? तो अजून म्हणत नाही, मीही म्हणायला लावलेलं नाही. माझ्या पाहण्यातली पोरं वेगवेगळ्या दारांतून आत आली. कुणी नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पोळ्या लाटल्या, कुणी रमजानमध्ये इफ्तारची फळं चिरली, कुणी बुद्धविहारात धाकट्यांचा अभ्यास घेतला. एक मुलगी तर कट्टर नास्तिक. ती रक्तदात्यांची वही सांभाळते आणि रात्री-अपरात्री फोन उचलते. घरच्यांनी ढकललेलं कुणीच टिकलं नाही. आईबापांना मी म्हणते, तुम्हाला खरंच मदत लागते असं एखादं काम मागा, आणि 'नाही' म्हणायची मुभा ठेवा. पोराला सुधारण्यासाठी बनवलेलं काम त्याला वासावरून ओळखू येतं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. आबांचं बघून पारावरचे म्हातारे नातवाकडं यायला लागले. कुणाच्या गोळ्यांची चिठ्ठी वाचायची, कुणाची ई-केवायसी, कुणाला डोळे तपासायला न्यायचं. सप्टेंबरपर्यंत तो दिवसभर गावाचा झाला आणि पुढं काय करायचं हा विषय निघाला की उठून जायला लागला. वडील भडकले, आणि या वेळी त्यांचं बरोबर होतं. मी त्याला स्पष्ट सांगितलं, "आधी मोबाईलमागं लपला होतास, आता म्हाताऱ्यांमागं लपायलास." त्याला राग आला. एक भेट चुकवली.

परत आला तेव्हा बी.एस्सी.ला प्रवेश घेऊन आला होता, सोबत राष्ट्रीय सेवा योजनेत नाव. १९६९ पासून चालत आलेली योजना: वर्षाला १२० तास काम, दोन वर्षांत २४०, आणि खेड्यात सात दिवसांचं शिबिर. वडिलांचा प्रश्न तयारच होता, "तिथंही खड्ड्यात झाडंच लावणार का?" पोरगं म्हणालं, "लावली तर पाणी घालाया मी आहे." सेवेमुळं अभ्यास बुडतो का, हेही वडिलांनी विचारलं. आठवड्याला दोन-अडीच तासांनी बुडेल असा अभ्यास मुळातच तरंगत नसतो, असं मी म्हणाले. जरा तोऱ्यात म्हणाले, कबूल करते.

त्याच दिवशी वडिलांना थांबवून विचारलं, "भाऊ, नवस तुमचा का त्याचा?"

"माझाच."

"मग त्याच्या मार्कावर का ठेवला?"

ते चिडून उठले. "नवसाची रीत तुम्ही शिकवणार का आम्हाला?" मुलाची आई मागं वळून वळून बघत गेली. मला वाटलं, हे घर आता येत नाही.

कोजागरी होऊन आठवडा झाल्यावर वडील एकटेच आले. लंगडत. खुर्चीत बसले, चप्पल काढली आणि पाय पुढं केला. टाचेला आणि अंगठ्याखाली पट्ट्या, नीट बांधलेल्या.

"रस्त्यावर पोरांनी मांडव टाकला होता, चालणारांच्या पायाचे फोड बघायला. ह्यानंच बांधलं. फोड फोडू नका म्हणून मलाच दटावलं."

"आणि नवस?"

"नवस नव्हता. उगंच गेलो."

पट्टीची सुटलेली कड त्यांनी अंगठ्यानं दाबून बसवली. "नीटचा फॉर्म पुन्हा भरायचा का, ते अजून त्याला विचारलं नाही," म्हणाले. "आबांचा दुसरा डोळा डिसेंबरात आहे."