टेनोरियो एकदाही एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला नाही, मग मनिलात लोक त्याला एवढं डोक्यावर का घेतात?

तुझा प्रश्न वाचून हसूच आलं, कारण मनिलात नोकरीला गेलो तेव्हा ऑफिसच्या सिक्युरिटी गार्डला मी अगदी हेच विचारलं होतं. पाच फूट आठ इंचाचा बास्केटबॉल खेळाडू, स्कोअरशीटवर बारा-तेरा पॉइंट, चार-पाच असिस्ट (ज्यावरून बास्केट होते तो पास), यात एवढं काय? तो काही बोललाच नाही, नुसतं बघितलं माझ्याकडे. पुढे सात वर्षं तिथे काढली, त्यातल्या निम्म्या संध्याकाळी टीव्हीवर पीबीए बघण्यात गेल्या, त्या जोरावर सांगतो.

आधी पीबीए म्हणजे काय ते घे, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. फिलिपिन्समधली, १९७५ ला सुरू झालेली आशियातली पहिली प्रोफेशनल बास्केटबॉल लीग. टीम शहरांच्या नाहीत, कंपन्यांच्या आहेत, म्हणजे हिनेब्रा ही चक्क जिन दारू आणि मॅग्नोलिया म्हणजे चिकन-आइस्क्रीमवाले. वर्षात साधारण तीन टूर्नामेंट, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात, एकात फक्त फिलिपिनो खेळाडू आणि बाकीच्यात प्रत्येक टीमला एक परदेशी, त्याला इम्पोर्टच म्हणतात. हिनेब्राचं पूर्ण नाव बारांगाय हिनेब्रा सान मिगेल, आणि बारांगाय म्हणजे आपल्या वॉर्डासारखी वस्ती, त्यामुळे तिचे फॅन म्हणजे रिक्षावाले, हमाल, कोपऱ्यावरचा दुकानदार, सगळी जनता.

एल ए टेनोरियो बातांगास प्रांतातल्या नासुग्बूचा. कॉलेज आतेनिओ, २००६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, चौथा नंबर, सान मिगेल टीमने घेतला, मग अलास्का टीमकडे गेला, तिथे २०१० ला टायटल, आणि २०१२ पासून हिनेब्रा. तिथे त्याला लाडाने तिन्येंते म्हणतात, म्हणजे लेफ्टनंट. त्याच २०१२ ला तैवानच्या जोन्स कपमध्ये फिलिपिन्सने शेवटच्या मॅचला अमेरिकेच्या टीमला ७६-७५ ने हरवून चौदा वर्षांनी कप उचलला, तेव्हा एमव्हीपी हाच होता. म्हणजे एमव्हीपी मिळाला रे, फक्त सीझनचा नाही मिळाला.

सीझनचा का नाही, तर तिथे त्या अवॉर्डमध्ये मतांच्या जोडीला स्टॅट्सचं वजन भारी असतं. स्टॅट्स म्हटलं की रिबाउंड, ब्लॉक, रिंगखालचे पॉइंट आले, म्हणजे उंच माणसाची चांदी. सान मिगेलचा जून मार फाहार्दो सहा फूट दहा इंच, त्याने २०१४ ते २०१९ ओळीने सहा वेळा घेतला, समोर हा काय करणार.

दुसरं कारण टिम कोन. अलास्कातही तोच कोच आणि २०१५ पासून हिनेब्रालाही तोच, आणि हा माणूस ट्रँगल नावाच्या अटॅकच्या पद्धतीचा भक्त. ट्रँगलमध्ये गार्डचं, म्हणजे टेनोरियोसारख्या बॉल सांभाळणाऱ्या खेळाडूचं, काम बघ एकदा नीट, बॉल वर आणायचा, पोस्टमधल्या, म्हणजे रिंगजवळच्या, उंच माणसाला द्यायचा आणि स्वतः कॉर्नरकडे पळायचं, पुढचा पास दुसराच कोणीतरी देतो आणि असिस्ट त्याच्या नावावर. बाकीच्या टीमचा गार्ड वीस सेकंद बॉल आपटत बसतो तेव्हा टेनोरियो कॉर्नरमध्ये हात तयार ठेवून उभा. क्रिकेटमध्ये नाही का, चाळीस ओव्हर एक बाजू लावून धरणाऱ्याच्या नावावर पस्तीसच रन असतात, तसं.

पण सीरिज संपायला आली की बॉल बरोबर त्याच्याच हातात. २०१६ चा गव्हर्नर्स कप, हिनेब्राला आठ वर्षं टायटल नव्हतं. फायनलची सहावी मॅच मी रस्त्यावरच्या एका खानावळीत बघितली, मालकिणीने शेवटच्या दोन मिनिटांत गॅस बंद केला आणि कोणालाही भात वाढायला नकार दिला. इम्पोर्ट ब्राउनलीने शेवटच्या क्षणी तीनचा शॉट टाकला, ९१-८८, आणि बाहेर ट्रायसिकलवाल्यांनी जे हॉर्न लावले ते तासभर चालू. शॉट ब्राउनलीचा, पण फायनल्स एमव्हीपी टेनोरियो. २०१७ लाही तोच. आणि २०२० ला कोविडच्या बबलमध्ये (सगळ्या टीम एकाच जागी बंद ठेवून खेळवलेली टूर्नामेंट), क्लार्क इथे, हिनेब्राने फायनलला टीएनटी टीमला ४-१ ने हरवलं, परत तोच.

या २०२० वाल्याबद्दल थोडं जास्त लिहितो, माझं उत्तर खरं तर इथेच आहे. बबल सुरू व्हायच्या थोडे दिवस आधी त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं. आपल्याकडे अपेंडिक्स काढलं की आई महिनाभर घागर उचलू देत नाही, आणि हा पहिल्याच मॅचला कोर्टवर. कारण तोपर्यंत त्याने पीबीएत आल्यापासून एकही मॅच चुकवली नव्हती. एकही नाही. ओळीने ५९६ मॅचचा जुना रेकॉर्ड आल्विन पात्रिमोनियोचा, तो २०१९ लाच मोडला होता, आणि मोजणी जाऊन थांबली ७४४ वर. पाच फूट आठचा माणूस रोज वाट अडवून उभ्या सहा-साडेसहा फुटी लोकांवर आपटतोय, घोटे मुरगळतायत, बोटं सुजतायत, आणि सोळा वर्षं त्याचं नाव लिस्टमध्ये आहेच. काही जण म्हणतात नशीब, किंवा नुसती हजेरी लावायला उतरायचा. मला हे पटत नाही, हजेरीवाला माणूस फायनल्स एमव्हीपी होत नाही.

थांबली कशी तेही ऐक. मार्च २०२३ ला मांडीच्या सांध्याची दुखापत म्हणून तो बाहेर बसला, लोक म्हणाले चला, एकदाची स्ट्रीक तुटली. आणि थोड्याच दिवसांत त्याने स्वतः जाहीर केलं, आतड्याचा कॅन्सर, स्टेज तीन. म्हणजे जानेवारीत फिलिपिन अरेनात चोपन्न हजारांवर पब्लिकसमोर बे एरिया टीमविरुद्ध फायनलची सातवी मॅच जिंकली, त्याला जेमतेम दोन महिने झालेले. मी तेव्हा पुण्यात परत आलो होतो, जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर एरवी मीम्सचा पूर असतो, त्या दिवशी नुसते हात जोडलेले. सर्जरी झाली, केमो झाली, सप्टेंबरमध्ये कॅन्सर नाही असं कळलं, आणि गडी परत जर्सी घालून कोर्टवर.

२०२५ ला तो मॅग्नोलियाचा हेड कोच झाला. दोन्ही टीमची मालक सान मिगेल कंपनीच, घर एकच, पण हिनेब्रा-मॅग्नोलिया म्हणजे मनिला क्लासिको, कट्टर दुश्मनी. आमचा तो सिक्युरिटी गार्ड हिनेब्राचा जुना भक्त, त्याला मेसेज करून विचारलं, आता कोणाला चिअर करणार? म्हणाला हिनेब्रालाच, पण टेनोरियोला शिव्या नाही द्यायच्या.

तुला बघायचंच असेल तर २०२० ची फायनल लाव. आणि बॉल सोडून त्याच्या पायांकडे बघ.