वन-फोर्टीनवर एकट्याचं नाव

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक, वय 71. फोंड्याजवळ घर आणि थोडी बागायत, पुण्याला एक फ्लॅट. सगळं माझ्या एकट्याच्या नावावर. मुलगी बेळगावला दिली, लग्नात अंगभर सोनं घातलं. तेव्हा मृत्युपत्र करून सगळं मुलाला द्यावं म्हणतो. मुलीकडून हक्क सोडल्याचं आत्ताच लिहून घेऊ का? मुलाचं लग्न मेमध्ये आहे. सुनेने उद्या वाटा मागू नये म्हणून आधी करार करा, असं मेव्हणे सुचवतात. रजिस्टरच्या दोन्ही सह्या गेल्या महिन्यात झाल्या. – एक वाचक, फोंडा तालुका

उत्तर : सर, शेवटच्या वाक्याला मी कपाळावर हात मारला. अक्षता मेमध्ये पडतील, पण गोव्याच्या कायद्याने तुमचा मुलगा विवाहनोंदणीच्या दुसऱ्या सहीच्या दिवशीच नवरा झाला. मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार त्या सहीच्या आधी करावा लागतो. तो नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता आपोआप सामाईक होते आणि नंतर हे बदलता येत नाही. मेव्हण्यांनी महिनाभर आधी तोंड उघडायला हवं होतं. (मला विचाराल तर सून नशीबवान.)

आता तुमचं. पोर्तुगीजांच्या 1867 च्या नागरी संहितेतून आलेली ही पद्धत तुमच्या लग्नालाही लागू. तुम्ही करार केला नव्हता असं धरते. मग वन-फोर्टीनवर, म्हणजे गोव्यातल्या सातबारासारख्या उताऱ्यावर, नाव तुमचं एकट्याचं असलं तरी अर्धं घर, अर्धी बागायत बाईंची, म्हणजे तुमच्या पत्नीची. विकायची झाली तर त्यांची सही लागते. माझ्याकडे एक जावई नुसत्या सहीसाठी दुबईहून आला होता, सासऱ्यांच्या वडिलोपार्जित घराच्या विक्रीला. बायकोच्या वाट्यात तोही मालक!

समजा सगळं मिळून 80 लाखांचं आहे. 40 बाईंचे, ते तुम्ही मृत्युपत्रात लिहूच शकत नाही. तुमच्या 40 पैकी निम्म्यावर मुलांचा राखीव हक्क, म्हणजे दोघांना 10-10. उरलेले 20 तुमच्या मर्जीचे. ते मुलाला दिलेत तर त्याचे होतात 30, मुलीचे 10 राहतातच. लग्नात सोनं घातलं म्हणून ते बुडत नाहीत. ती भेटायला येत नसली, तरी एवढ्यावर तिला वगळता येत नाही.

हक्क सोडल्याचं आत्ता लिहून घेऊ नका. जिवंत माणसाचा वारसा सोडता येत नाही. तो कागद रद्दीच्या भावाचा.

पुण्याचा फ्लॅट महाराष्ट्रात आहे ना, असं म्हणाल. एका गोवेकराने मुंबईतलं घर मृत्युपत्राने एकाच मुलीला दिलं होतं. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 13 सप्टेंबर 2019 ला निकाल लागला : गोवेकराच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेच्या वारशालाही गोव्याचाच कायदा. फ्लॅट त्याच 80 लाखांत मोजायचा.

तुमच्या 20 लाखांपुरतं मृत्युपत्र जरूर करा. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत विशेष नोटरीसमोर, दोन साक्षीदार घेऊन. त्याआधी माझ्याकडे आलात तर बाईंना बरोबर आणा. अर्ध्याच्या मालकीण त्या, आणि तुमच्या अख्ख्या पत्रात त्यांचा उल्लेख एकदाही नाही.