दुसऱ्या महायुद्धातले तरंगते ड्राय डॉक खरंच अख्खी बॅटलशिप उचलायचे का? युद्धानंतर त्यांचं काय झालं?

हो, अख्खी बॅटलशिप उचलायचे, आणि तेही पॅसिफिकमधल्या अशा बेटांच्या आडोशाला जिथे आधी यार्ड वगैरे काही नव्हतं. मी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर आहे, जहाजासकट फ्लोटिंग डॉकमध्ये राहिलोय, त्यामुळे हा विषय एकदम जिव्हाळ्याचा, जरा लांबण लागेल.

आधी हे चालतं कसं ते बघू. मुंबईच्या ह्यूज ड्राय डॉकसारखा नेहमीचा डॉक म्हणजे काठाला बांधलेला मोठा हौद, जहाज आत घ्यायचं, गेट लावायचं आणि पाणी उपसायचं. तरंगत्या डॉकमध्ये डॉकच बुडवतात. खाली पोकळ टाक्या, दोन बाजूंना उंच भिंती. टाक्यांत पाणी सोडलं की डॉक खाली जातो, जहाज दोर लावून भिंतींच्या मध्ये आणतात, बरोबर सेंटरला धरतात, मग पंप चालू करून टाक्या रिकाम्या करायला लागतात आणि डॉक जहाजाला पोटाखालून घेऊन वर येतो. कील, म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा, डॉकच्या तळावर मांडलेल्या ब्लॉकला टेकते तो वेळ फार नाजूक असतो. बहुतेक वेळा जहाजाची मागची बाजू आधी टेकते, मग डॉकमास्टर पंप थांबवतो, पाणबुडे खाली जाऊन ब्लॉक नीट बसलेत ना ते बघतात, आणि त्यांनी ओके दिल्याशिवाय पुढे काही हलत नाही. आम्ही आत इंजिन रूममध्ये प्रत्येक टाकीचं साउंडिंग, म्हणजे आत किती तेल-पाणी आहे त्याचं माप, लिहून ठेवतो आणि एक बादली तेलसुद्धा इकडचं तिकडे करत नाही, कारण वजन कुठे आहे या हिशोबावरच सगळा खेळ असतो.

आता युद्धातलं. अमेरिकन नेव्हीची अडचण अशी होती की लढाई चाललेली सॉलोमन, न्यू गिनीकडे आणि मोठं यार्ड म्हणजे पर्ल हार्बर. वानुआतूतल्या एस्पिरिटू सांतोपासूनच ते पाच हजार किलोमीटरच्या वर. टॉर्पेडो लागलेलं जहाज तिथपर्यंत ओढत न्यायचं म्हणजे वाटेत बुडायची भीती, आणि पोचलं तरी कितीतरी आठवडे ते लढाईतून बाद. म्हणून त्यांनी डॉकच तुकड्या-तुकड्यांत बांधला आणि समुद्रातून ओढत पुढे नेला. या डॉकांना एबीएसडी म्हणायचे, म्हणजे अ‍ॅडव्हान्स बेस सेक्शनल डॉक. एकेक सेक्शन साधारण 256 फूट लांब नि 80 फूट रुंद, असे दहा सेक्शन शेजारी शेजारी आडवे लावून जोडले की 900 फुटांच्या वरचा डॉक तयार, आणि उचलायची ताकद साधारण 90,000 टन. ओढून नेताना वाऱ्याचा जोर लागू नये म्हणून बाजूच्या भिंती आडव्या पाडून ठेवायचे, जागेवर गेल्यावर उभ्या करायचे आणि मग सेक्शन एकमेकांना वेल्ड करायचे. खुल्या बंदरात, लाटा चालू असताना, एवढ्या मोठ्या लोखंडी पेट्या ओळीत धरून वेल्ड करणाऱ्या लोकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो, त्यांचं नाव कुठल्या लढाईच्या वर्णनात येत नाही.

पहिला, म्हणजे एबीएसडी-1, एस्पिरिटू सांतोला होता. 1944 च्या ऑक्टोबरमध्ये फिलिपिन्समधल्या लेतेजवळ वेस्ट व्हर्जिनिया या बॅटलशिपचे प्रोपेलर तळाला घासून खराब झाले, तरी ती तिथलीच सुरिगावची लढाई लढली आणि मग दुरुस्तीला सांतोला आली. दुसरा न्यू गिनीच्या उत्तरेला मानुस बेटाच्या सीअॅडलर हार्बरमध्ये. त्याच ऑक्टोबरमध्ये फॉर्मोसाजवळ (आताचं तैवान) कॅनबेरा आणि ह्यूस्टन या क्रूझरना टॉर्पेडो लागले, ह्यूस्टनला तर दोनदा. तिच्या पोटात सहा हजार टनांहून जास्त पाणी शिरलेलं, तशीच ओढत आधी पॅसिफिकमधल्या उलिथी बेटांकडे आणली आणि तिथून मानुसला. दोघींची तिथे इतपत दुरुस्ती झाली की त्या स्वतःच्या इंजिनावर अमेरिकेला परत गेल्या. डिसेंबरच्या वादळात शाफ्टला (प्रोपेलर फिरवणाऱ्या दांड्याला) मार बसलेली आयोवा ही बॅटलशिपसुद्धा मानुसलाच डॉकमध्ये चढली, तिचा 28 डिसेंबर 1944 चा फोटो सहज सापडेल, नक्की बघा.

तिसरा ग्वामला. 12 ऑगस्ट 1945 ला, युद्ध संपायला अगदी काहीच दिवस उरलेले असताना, ओकिनावाला नांगरलेल्या पेनसिल्व्हेनिया या बॅटलशिपला विमानातून टाकलेला टॉर्पेडो मागच्या बाजूला लागला, 20 माणसं गेली. तिला ग्वामला ओढून आणली, डॉकमध्ये घेऊन भोकावर मोठा पोलादी पॅच मारला आणि ऑक्टोबरमध्ये ती अमेरिकेला निघाली. वाटेत एक शाफ्ट सुटला, पाणबुड्याला खाली उतरवून तो कापून टाकावा लागला, पण पोचली.

धोकाही सांगतो, नाहीतर वाटेल की पंप लावला की झालं. ब्रिटिशांची व्हॅलियंट ही बॅटलशिप घ्या. डिसेंबर 1941 मध्ये अलेक्झांड्रियाला इटालियन डायव्हरांनी तिच्या खाली स्फोटकं लावली तेव्हा तिथल्या तरंगत्या डॉकनेच तिला सावरलं होतं. तीच 8 ऑगस्ट 1944 ला त्रिंकोमालीला डॉकमध्ये होती, दारूगोळा पूर्ण भरलेला. डॉक वर येत असताना टाक्या चुकीच्या क्रमाने रिकाम्या झाल्या. जहाजाचं वजन मध्ये दाबतंय आणि टोकाच्या टाक्या हलक्या झाल्या तर टोकं वर उचलली जाणार, मधला भाग खाली वाकणार, साधं आहे. डॉकचा कणाच मोडला नि तो बुडाला. व्हॅलियंटचे बॉयलर चालू होते म्हणून ती वाचली, पण आतले दोन प्रोपेलर आणि एक रडर जाम, आणि तिची लढाई तिथेच संपली. शत्रूने एक गोळी न झाडता एक बॅटलशिप गेली. डॉकमास्टर वरून ओरडून पंप थांबवायला सांगतो तेव्हा वैतागणाऱ्या ज्युनिअरला मी हीच गोष्ट सांगतो.

राहिलं पुढे काय झालं. सगळे भंगारात गेले असं वाचलं असेल तर ते बरोबर नाही. सेक्शन सुटे करता येत असल्यामुळे हवे तेवढे घेऊन वेगळ्या मापाचा डॉक बनवता यायचा. सातव्या डॉकचे चार सेक्शन 1961 मध्ये स्कॉटलंडच्या होली लॉखमधल्या अमेरिकन तळावर नेऊन जोडले, नाव लॉस अलामोस, आणि बॅटलशिपसाठी बांधलेल्या त्या डॉकमध्ये पोलॅरिस मिसाईलवाल्या अणुपाणबुड्या चढायला लागल्या. 1992 मध्ये तो तळ बंद होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं, हे काम चाललं.