जुलैत धबधब्यामागची जिओकॅश शोधायची आहे, फोनचं जीपीएस पुरेल का?

पुरेल. (जिओकॅश म्हणजे कुणीतरी लपवलेली पेटी. अॅपमधल्या आकड्यांवरून ती शोधायची आणि आतल्या वहीत सही करायची.) आमचं जीपीएसवाचून काही अडलं नव्हतं, अडलं ते मेहुण्यापायी.

२०१८ चा जुलै. विसापूर किल्ल्याच्या पोटाला, भाजे गावाच्या अंगाने एक बिननावाचा धबधबा आहे. होळीच्या सुमारास गेलात तर नुसता काळा कातळ दिसेल. मेहुणा दोन वर्षं जर्मनीत काढून आलेला, हा नाद तिथलाच. "दाजी, टेरेन अडीचच आहे, चला." मळवलीला लोकलमधून उतरलो, भाज्याच्या गर्दीतून वाट काढली, भजी खाल्ली (मी खाल्ली, तो फोनमध्ये) आणि ओढ्याच्या कडेने वर निघालो.

टेरेन म्हणजे वाट किती अवघड त्याचा आकडा. आता हा अडीच आकडा कुणाचा? पेटी लपवणाऱ्याचा. त्याने ती फेब्रुवारीत ठेवली होती. अॅपमधल्या तिच्या पानावर तारीख असते, कुणी वाचत नाही. खुणेत लिहिलेलं, 'धबधब्याच्या मागे, डावीकडची कपार'. फेब्रुवारीत मागे जायचं म्हणजे कोरड्या दगडावरून चार पावलं. जुलैत तेच चार पावलं शेवाळावरून, अंगावर धो धो पाणी घेत. फोनचा बाण वीस-पंचवीस मीटर इकडेतिकडे नाचत होता, कारण अशा घळीत कड्यांवरून सिग्नल परावर्तित होतो. वेगळं यंत्र असतं तरी थोडंफार तेच झालं असतं.

मेहुण्याला पाण्याच्या पडद्याआड हिरवं झाकण दिसलं. "ती बघा!" म्हणत तो निघाला. मी वर बघत होतो. पाणी चहासारखं झालं होतं आणि पालापाचोळा, काटक्या येऊ लागल्या होत्या. त्याच्या सॅकचा पट्टा धरून मागे ओढला. खूप बोलला मला. पंधरा मिनिटांत आम्ही उभे होतो तो दगड दिसेनासा झाला.

परतीच्या लोकलमध्ये या गृहस्थाने 'सापडली' अशी नोंद केली. मी डीएनएफ, म्हणजे 'नाही सापडली', असं टाकलं. वहीत सही नाही तर सापडली कसली? त्याचं म्हणणं, डोळ्यांनी बघितली ना. मग मीही लांबून एव्हरेस्ट बघून आलोय.

दिवाळीनंतर लेकीला घेऊन परत गेलो. ओढ्याला घोट्याएवढं पाणी. हिरवं झाकण होतं थंड पेयाच्या बाटलीचं, कपारीत अडकलेली. खरी पेटी म्हणजे फिल्म रोलची काळी डबी, तिच्या दोन हात वर. लेकीने सही केली, बाटली आम्ही खाली आणली. फोटो मेहुण्याला पाठवला. दरवर्षी भाऊबीजेला ओवाळून झालं की बायको आधीच बजावते, तो विषय काढायचा नाही. त्याची नोंद अजून तशीच आहे.

तुमच्यासाठी: अॅपमधले अक्षांश-रेखांशांचे आकडे अंश आणि मिनिटांत असतात. ते नकाशात दशांश अंश समजून टाकू नका. १८ अंश ४३.५ मिनिटांचं १८.४३५ केलंत तर बत्तीसेक किलोमीटर दक्षिणेला जाल. पेन नको, पेन्सिल न्या, ओल्या कागदावर शाई पसरते. आणि 'शेवटची सापडली' या नोंदींचे महिने बघा. सगळ्या नोव्हेंबर ते मे असतील तर काय ते समजा.

हो, जुलैत जाऊच नका असं मी म्हणत नाही. रस्त्यालगतच्या, ओढ्यापासून लांबच्या कॅश खुशाल शोधा. पण ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच जणं वाहून गेली, त्यानंतर जिल्हा प्रशासनाने धबधब्यांवर बंदीचे आदेश काढले. निघण्याआधी तुमच्या जागेवर बंदी आहे का ते बघा. आणि नाही सापडली तर डीएनएफ लिहा. पुढच्या माणसाला त्याचा उपयोग होतो, 'डोळ्यांनी बघितली'चा होत नाही.