दादर-पार्ल्यात पहिलं घर: स्वस्त दिसतंय, पण का?

या वेळचे वाचकांचे बहुतेक प्रश्न एकाच सुरातले आहेत. घर मुंबईत पाहिजे, तेही दादर, गिरगाव, पार्ले असल्या ठिकाणी, आणि बजेट मात्र नोकरदाराचं. होतं कधीकधी, अगदीच अशक्य नाही. फक्त महागड्या एरियात एखादं घर स्वस्तात निघालं की त्याला काहीतरी कारण असतंच, ते आधी शोधायचं आणि आपल्याला झेपेल का बघायचं.

प्रश्न: आम्ही नवरा-बायको दोघं कमावतो, हातात महिन्याला दीड लाख येतात. सेव्हिंग ३० लाख आहे. दादर वेस्टला वन बीएचके बसेल का?

पगारावर जाऊ नका, तुमचं घोडं अडतंय ते सेव्हिंगपाशी. ७५ लाखांच्या वरच्या लोनसाठी बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ७५ टक्के देते, ३० ते ७५ लाखांच्या टप्प्यात ८० टक्के, आणि स्टँप ड्युटी, रजिस्ट्रेशन यात धरत नाहीत, ते तुमच्याच खिशातून. मी नेहमी ७५ टक्केच धरून चालते, कारण घराची किंमत ठरवणारा बँकेचा व्हॅल्युअर बऱ्याचदा सौद्याच्या किमतीपेक्षा कमी आकडा लावतो. म्हणजे ९० लाखांचं घर घेतलंत तर साडेबावीस लाख स्वतःचे, ६ टक्क्यांनी ५ लाख ४० हजार स्टँप ड्युटी, ३० हजार रजिस्ट्रेशन, वर ब्रोकरचा एक टक्का आणि त्यावर जीएसटी. झाले की २९ लाख! पंखे आणि पडद्यांनाही पैसे उरत नाहीत. हप्ता मात्र साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी ५८-५९ हजारांच्या आसपास बसतो, तो तुम्हाला जड नाही.

आता ९० लाखांत दादर वेस्टला काय मिळतं? कार्पेटचा, म्हणजे भिंतींच्या आतल्या जागेचा, भाव ४० हजार रुपये फूट धरला तरी सव्वादोनशे फूट. त्यामुळे वन बीएचकेचा हट्ट सोडा, नाहीतर नायगाव, भोईवाडा, शिवडी या बाजूला लिफ्ट नसलेल्या जुन्या सोसायट्यांमधे तिसरा-चौथा मजला बघा. तिथे घरं स्वस्त असण्याचं कारण जिना आहे, तुमच्या वयात जिना झेपतो (सासू-सासरे येऊन राहणार असतील तर मात्र दोनदा विचार करा). आणि टोकन द्यायच्या आधी बँकेला बिल्डिंगचं वय सांगा, फार जुनी असेल तर लोनची वर्षं कमी करतात आणि हप्ता फुगतो.

आणि हो, घर फक्त बायकोच्या नावावर घेतलंत तर स्टँप ड्युटीत एक टक्का सूट आहे, म्हणजे इथे ९० हजार वाचतात. जॉइंट नावावर ती मिळत नाही, हे बऱ्याच जणांना रजिस्ट्रारच्या ऑफिसात पोचल्यावर कळतं.

प्रश्न: गिरगावात पागडीची खोली मिळतेय, ओनरशिपच्या जवळपास अर्ध्या भावात. घ्यावी का?

अर्ध्या भावात आहे कारण तुम्ही मालक होत नाही, भाडेकरू होता. पागडीला १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने मान्यता आहे, त्यामुळे व्यवहार बेकायदा नाही, पण घरमालकाची संमती लागते आणि तो ट्रान्सफरच्या रकमेचा साधारण तिसरा हिस्सा घेतो. तो हिस्सा सांगितलेल्या भावात धरलाय की वेगळा, हे पहिल्याच भेटीत तोंडावर विचारा. होम लोन यावर सहसा मिळत नाही, म्हणजे सगळी रक्कम रोख तयार पाहिजे, आणि 'थोडे ब्लॅकमधे द्या' हा आग्रह इथे सगळ्यात जास्त असतो. ब्लॅकमधे दिलेल्या पैशाची पावती नसते, उद्या काही फाटलं तर ते पैसे तुम्ही दिलेच नव्हते असं धरून चाला.

लोक पागडी घेतात ते रिडेव्हलपमेंटच्या आशेवर. आशा खोटी नाही. बिल्डिंग उपकरप्राप्त असेल, म्हणजे मुंबईच्या बेटावरच्या शहरातली (सायन-माहीमपर्यंतची) आणि ३० सप्टेंबर १९६९च्या आधीची, तर विकास नियमावलीच्या ३३(७) खाली पुनर्विकासात राहत्या भाडेकरूला कमीतकमी ३०० फूट कार्पेट मिळतं, खोली दीडशे फुटांची असली तरी. पण १३ जून १९९६ नंतर नव्याने तयार केलेले भाडेकरू यात धरत नाहीत. म्हणून विकणाऱ्याकडे त्या तारखेआधीच्या भाडेपावत्या मागा, जुन्या, पिवळ्या पडलेल्या, ज्यांच्यावर खोली नंबर आणि नाव आहे. मधे नाव बदललं असेल तर प्रत्येक वेळच्या ट्रान्सफरचा कागद पाहिजे. साखळी कुठे तुटली असेल तर मी तरी हात लावणार नाही. आणि बिल्डर कधी येईल ते कुणालाच माहीत नसतं, तोवर टॉयलेट कॉमन आहे का हेही बघून ठेवा.

प्रश्न: दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न ११ लाख. म्हाडाचा फॉर्म अल्प गटात भरू का, तिथे घरं स्वस्त असतात. आमचं पनवेलला एक घर आहे.

नाही भरता येणार. मुंबईत ६ लाखांपर्यंत अत्यल्प, ९ पर्यंत अल्प, १२ पर्यंत मध्यम, त्यावर उच्च, आणि उत्पन्न नवरा-बायकोचं मिळून धरतात. तुम्ही मध्यममधे येता. वरच्या गटात फॉर्म भरता येतो, खालच्या नाही. पनवेलच्या घराची अडचण नाही, अट त्याच महापालिकेच्या हद्दीतल्या घराची आहे. घर लागलं तर पाच वर्षं विकता येत नाही, आणि पैसे भरायची मुदत फार नसते, म्हणून लोनची चौकशी सोडतीच्या आधीच करून ठेवा. 'आतून सेटिंग' करून देणारा कोणी भेटला तर पाणीसुद्धा विचारू नका, म्हाडाचे एजंट नसतात.

प्रश्न: ब्रोकर म्हणतो वरळीत एसआरएचा फ्लॅट पॉवर ऑफ अॅटर्नीवर घेऊन टाका, नंतर नावावर होईल.

नको. नुसत्या पॉवर ऑफ अॅटर्नीने मालकी मिळत नाही, सुप्रीम कोर्टाने २०११लाच सांगून टाकलंय. एसआरएचं, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या योजनेतलं, घर ठरावीक वर्षं विकता येत नाही, नंतरही प्राधिकरणाची परवानगी लागते.

प्रश्न: मी कोल्हापूरची, पार्ले ईस्टला ३५ हजारांत फ्लॅट भाड्याने घेतेय. मालक म्हणतात ११ महिन्यांचंच आहे, रजिस्टर करायची गरज नाही.

गरज आहे, ११ महिने असले तरी. कायद्याने लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे हा भाड्याचा करार, रजिस्टर करायची जबाबदारी मालकाचीच आहे, आणि न केल्यास वाद झाला की उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल तुझं म्हणणं खरं धरतात, हे त्यांना गोड शब्दांत सांग. खर्च किरकोळ आहे. तुझ्या भाड्यावर आणि लाखभर डिपॉझिटवर स्टँप ड्युटी हजाराच्या आसपास, रजिस्ट्रेशन फी हजार, वर एजंट घरी येऊन अंगठा घेऊन जातो त्याचे वेगळे. डिपॉझिट ट्रान्सफरनेच दे आणि करारात रक्कम, तारीख लिहून घे. सोसायटीची परवानगी लागते असं कोणी म्हणालं तर लागत नाही, कळवायचं फक्त असतं, पण सेक्रेटरीला आधी जाऊन भेट, पार्किंग आणि पाण्याच्या वेळा त्याच्याकडूनच कळतील.