भरसमुद्रात पवनचक्की बंद पडली तर?

प्रश्न : माझा मुलगा इंग्लंडला ग्रिम्सबीला आहे, समुद्रातल्या पवनचक्क्यांवर टेक्निशियन. आम्ही रत्नागिरीचे, समुद्र काय चीज आहे ते माहितीये, त्यामुळे तिकडे वादळाची बातमी आली की जीव टांगणीला लागतो. कंपन्या हे सगळं सांभाळतात तरी कसं?
— एक आई, रत्नागिरी

उत्तर : ताई, आधी एक सांगतो, वादळात तुमचा मुलगा तिथे वर नसतोच. वारा साधारण ताशी 90 किमीच्या पुढे गेला की टर्बाइन, म्हणजे पवनचक्कीच, आपोआप पाती वळवून घेतं, म्हणजे वाऱ्याला ढकलायला काही उरत नाही, आणि माणसं त्याच्या कितीतरी आधी परत आलेली असतात. काळजी करायचीच तर साध्या दिवसाची करा, बोटीवरून शिडीवर पाय टाकायचा तो क्षण.

ते असं असतं. छोटी बोट तिच्या नाकाचं रबर टर्बाइनच्या खांबाला टेकवते आणि इंजिनाच्या जोरावर तशीच दाबून धरते, तरी लाटेवर थोडी वरखाली होतेच. टेक्निशियनने वरून आलेला सेफ्टीचा दोर आधी अंगावरच्या हार्नेसला, म्हणजे सेफ्टीच्या पट्ट्यांना, अडकवायचा, मग बोट लाटेच्या माथ्यावर आली, क्षणभर स्थिर झाली की शिडी पकडायची, आणि लगेच दोनचार पायऱ्या वर जायचं कारण पुढच्या लाटेला बोट परत वर येते आणि पाय चिरडू शकतो. लाट साधारण दीड मीटरच्या वर असेल तर छोट्या बोटीतून हे करतच नाहीत. इंग्लंडच्या हॉर्नसीसारखा फार्म, म्हणजे पवनचक्क्यांचा समूह, तर किनाऱ्यापासून 120 किमीवर, तिथे मोठ्या जहाजावर मुक्काम असतो आणि लाटेबरोबर स्वतःला सावरणारा पूल टर्बाइनला लावतात, तो याहून मोठ्या लाटेतही चालतो. पण खरी सेफ्टी यंत्रात नाही, नाही म्हणण्याच्या हक्कात आहे. बोटीचा कॅप्टन नको म्हणाला किंवा तुमचा मुलगा नको म्हणाला, तरी काम थांबलं पाहिजे आणि कुणी जाब विचारता कामा नये. मुलाला एवढं एकच विचारा, त्याच्याकडे हे खरंच पाळतात का.

आता कंपनीची बाजू. जमिनीवर तासाभराचं काम समुद्रात आठवडाभर लटकतं, कारण जायला, काम करायला आणि परत यायला पुरेल एवढा शांत वेळ सलग मिळावा लागतो. म्हणून गिअरबॉक्सचं कंपन, तेल, तापमान सगळं सेन्सरवरून किनाऱ्यावर बसून बघतात आणि मोठी देखभाल उन्हाळ्यात उरकतात. तरी दणके बसतातच. डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्हला ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटरमध्ये दोष निघाले, फार्म 2002 ला सुरू झालेला आणि 2004 मध्ये 80 च्या 80 टर्बाइनचे जनरेटर वगैरे असलेले वरचे डबे काढून किनाऱ्यावर आणावे लागले! ऑर्स्टेड या डेन्मार्कच्या पवनऊर्जा कंपनीला 2021 मध्ये कळलं की समुद्रतळावरच्या केबलचं संरक्षक कवच खडकांवर घासून झिजतंय, प्रश्न 10 फार्मपर्यंत पसरू शकणारा, खर्चाचा अंदाज 3 अब्ज डॅनिश क्रोनर. पाती सगळ्यांना दिसतात पण पैसा बुडतो तो बहुतेकदा केबलमध्ये. आणि जहाजं आहेतच, जानेवारी 2022 च्या वादळात ज्युलिएटा डी नावाचं मालवाहू जहाज भरकटलं आणि नेदरलँड्सच्या एका बांधकाम चालू असलेल्या फार्मच्या पायावर जाऊन आपटलं.

प्रश्न : मी आयटीआय इलेक्ट्रिशियन. गुजरातजवळच्या समुद्रात असं काही येणार म्हणतात, आपल्या पावसाळ्यात जमेल का? मी आत्तापासून काय करू?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : केंद्राने जून 2024 मध्ये समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी 7,453 कोटींची योजना मंजूर केली, 500 मेगावॅट गुजरात आणि 500 तमिळनाडू. गुजरातची खरी अडचण अशी की वारा सगळ्यात जास्त पावसाळ्यात आणि नेमकी तेव्हाच बोट जाऊ शकत नाही, म्हणजे जूनमध्ये बंद पडलेलं टर्बाइन कमाईचे महिने तसंच उभं राहणार. त्यामुळे मे संपायच्या आत सगळी तपासणी आणि सुटे भाग जवळच्या बंदरात, याला पर्याय नाही. शिवाय खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा ओढा जबरदस्त, केबलखालची माती वाहून जाते का ते सारखं बघत राहावं लागेल. आणि मे 2021 चं तौक्ते चक्रीवादळ विसरू नका, इशारा आलेला असूनही पी-305 हा कामगारांच्या मुक्कामाचा बार्ज बंदरात परतला नाही आणि मुंबईजवळच्या समुद्रात बुडाला, कितीतरी माणसं गेली, घरं उद्ध्वस्त झाली. इशारा आला की माणसं कुणाच्या शब्दावर परत आणायची हे कामाच्या कंत्राटातच लिहिलेलं असायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन या पवनऊर्जा कंपन्यांच्या संस्थेचं बेसिक सेफ्टी ट्रेनिंग करा. उंचीवरचं काम, प्रथमोपचार, आग, वजन उचलणं आणि समुद्रात जीव वाचवणं असे पाच भाग, दर दोन वर्षांनी रिफ्रेशर. समुद्राचा भाग सगळ्या सेंटरवर नसतो, फी भरायच्या आधी तेवढं विचारून घ्या.